सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. शेंद्रा आणि बिडकीन येथे औद्योगिक शहर उभे राहत आहे. या कामांमुळे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या औरंगाबादच्या परिसरात गेल्या काही वर्षांत जेसीबी, रोलर, ग्रेडर, लोडर अशी यंत्रे मोठ्या संख्येने आली. ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री मंडळींत आपले बांधव पुष्कळ आहेत. धुराचा रंग पाहून आणि इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे उस्ताद या शहराने पाहिले आहेत. नव्या यंत्रांपुढे मात्र हे हुनर अपुरे पडू लागले आहे. ते पुरेसे कसे करता येईल, हे आज पाहू.

आधी काय बदलले ते समजून घेऊ. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आणि स्टेज पाचचे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. चौथ्या टप्प्यात ५६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्तीपासून पुढच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइड वायूंची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅम इतकी कडक झाली. म्हणून मोठ्या इंजिनांच्या सायलेन्सरमध्ये युरियाचे पाणी फवारण्याची व्यवस्था आली. त्याहून लहान इंजिनांच्या बऱ्याच यंत्रांना युरियाची टाकीच नसते. पाचव्या टप्प्यात काजळीचे कणही मोजले जातात, त्यामुळे काजळी अडवणारी गाळणी आवश्यक ठरली.

या व्यवस्थेवर सेन्सरांचा पहारा असतो. वायू मोजणारा नॉक्स सेन्सर बहुधा युरिया फवारणीच्या आधी एक आणि नंतर एक असतो. धुराचे तापमान, गाळणीच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक, युरियाची पातळी आणि दर्जा यांसाठी वेगळे सेन्सर असतात. एखाद्याची खबर चुकीची आली की पॅनलवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास कॉम्प्युटर यंत्राची ताकद कमी करतो. भाड्याने दिलेले यंत्र साइटवर उभे राहिले की मालकाचे दिवसाचे उत्पन्न बुडते. मग घाईत निर्णय होतो : सेन्सर बदला. त्याची किंमत अनेकदा पाच आकडी असते, आणि बसवल्यावरही दिवा जळतच राहिला तर पैसा जातो तो मालकाचा आणि नाव जाते ते मिस्त्रीचे.

याचे मूळ कोड वाचण्याच्या पद्धतीत आहे. स्कॅनरवर दोन आकडे येतात. पहिला, एसपीएन, तक्रार कुठली ते सांगतो. उदाहरणार्थ ३२१६ म्हणजे आतल्या बाजूचा नॉक्स, ३२२६ बाहेरच्या बाजूचा, ३२५१ गाळणीचा दाब. दुसरा, एफएमआय, तक्रारीचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज हवे त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली, ९ म्हणजे सेन्सरकडून निरोपच वेळेवर येत नाही. ३, ४, ५ आणि ९ आले तर आधी वायरिंग आणि कपलर तपासावेत. धूळ, खडीचे हादरे आणि उंदीर यांच्यामुळे आपल्याकडे तार आधी जाते. कोड तक्रार कोणी केली ते सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही.

तपासणीचा क्रम आम्ही असा सुचवतो. कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. बॅटरीचे व्होल्टेज आणि अर्थिंग पाहा. मग बॅटरीचा पुरवठा बंद करून नऊ पिनांच्या तपासणी कपलरवर सी आणि डी या पिनांमध्ये ओहम मोजा. सुमारे ६० ओहम आले तर निरोप नेणाऱ्या दोन तारा शाबूत असण्याची शक्यता मोठी. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा मधली तार तुटली आहे, शून्याजवळ आले तर दोन तारा चिकटल्या आहेत. एवढे काम साध्या मल्टिमीटरने होते.

तापमानाच्या सेन्सरांसाठी त्याहून सोपी परीक्षा आहे. यंत्र रात्रभर उभे असेल तर सकाळी इंजिन न चालवता चावी द्या. सगळे आकडे बाहेरच्या हवेइतके आणि एकमेकांच्या जवळ दिसले पाहिजेत. एकच वेगळा दिसला तर शोध तिथे घ्या. दाबाच्या सेन्सरनेही इंजिन बंद असताना शून्य दाखवले पाहिजे. इंजिन चढवल्यावरही तो शून्यावरच राहिला तर सेन्सरला दोष देण्याआधी त्याच्या नळ्या तुंबल्या किंवा फाटल्या आहेत का ते पाहा. गाळणी आतून फुटलेली असली तरी असेच दिसते.

नॉक्स सेन्सर धूर तापल्याशिवाय आकडा देत नाही. थंड इंजिनावर आकडा दिसला नाही म्हणून तो मेला असे समजू नये. त्याचे टोक आत ८०० अंशांच्या आसपास तापते. तापलेल्या टोकावर पाणी पडले तर चिनी मातीचा भाग तडकतो, म्हणून धुलाई करताना तिथे प्रेशरचे पाणी मारू नका. यंत्रावर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि कॉम्प्युटरचे कपलर काढा.

वायूशुद्धी कमी होत असल्याचा कोड आला तर पहिला संशय युरियावर घ्यावा. त्यात ३२.५ टक्के युरिया असला पाहिजे, आणि हे रिफ्रॅक्टोमीटरने क्षणात कळते. हे पाणी ३० अंशांत साधारण वर्षभर टिकते, ३५ अंशांत सहा महिनेच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दुकानदार बंधूंनी डबे उन्हात रचू नयेत, तारीख पाहून माल फिरवावा आणि डिझेलचे नरसाळे त्यासाठी वापरू नये. नोझलवर पांढरे खडे जमले असतील तर ते कोमट पाण्याने विरघळतात. सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी आकडे बिघडतात.

आता एका पळवाटेबद्दल. खोटा सिग्नल देणारी डबी बसवून दिवा विझवता येतो, आणि ते काम करून देणारे भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि तो शुद्ध न झालेला विषारी वायू शेवटी साइटवरचा मजूर आणि आपलाच शागीर्द श्वासात घेतो. ज्या मिस्त्रीचे नाव असल्या कामासाठी होते, त्याच्याकडे मोठा ठेकेदार यंत्र सोपवत नाही.

आमची शेवटची सूचना हिशेबाची आहे. आपले कारागीर तपासणीचे पैसे मागायला संकोचतात आणि कमाई सुट्या भागांच्या नफ्यावर ठेवतात. त्यामुळेच भाग बदलण्याची घाई होते. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा, मोजलेले आकडे कागदावर लिहून मालकाला द्या. पाच आकडी खर्च टाळून दिला तर तो ही मजुरी आनंदाने देईल. घरातला मुलगा या धंद्यात येणार असेल तर त्याला आयटीआयचा एक वर्षाचा ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रम करू द्या आणि सोबत मीटर व स्कॅनर हाताळायला शिकवा. वडिलांचा कान आणि मुलाचा मीटर एका गॅरेजमध्ये असले, तर हे काम कंपनीच्या वर्कशॉपकडे जाण्याचे कारण उरणार नाही.