छातीवरील दोरी : भीतीदायक दिसणारी, परंतु निरुपद्रवी

वलणीवर धुणे टाकण्यासाठी हात उंच करावा आणि काखेपासून स्तनाच्या बाहेरच्या बाजूने खाली काहीतरी ओढल्यासारखे दुखावे. आरशात पाहावे, तो त्वचेखाली ताणलेल्या सुतळीसारखी एक रेघ उठलेली दिसावी आणि तिच्या लगत त्वचेस पन्हळीसारखी खोलगट चीर पडलेली असावी. अशा वेळी कोणत्याही स्त्रीच्या मनात प्रथम कर्करोगाचीच शंका येते. मात्र अशा दोरीमागे बहुधा असणारी व्याधी कर्करोगाहून सर्वस्वी भिन्न आहे. ती विरळा आढळते आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होते. वैद्यकात तिला ‘मोंदोरची व्याधी’ असे म्हणतात.

लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. चार्ल्स हिल्टन फॅग यांनी १८७० च्या सुमारास या विकाराची नोंद केली होती; परंतु त्याचे सविस्तर वर्णन १९३९ मध्ये फ्रेंच शल्यविशारद आंरी मोंदोर (१८८५-१९६२) यांनी केले आणि त्यांचेच नाव त्यास चिकटले. हे मोंदोर मोठे रसिक गृहस्थ होते. कवी मालार्मे यांचे चरित्रकार म्हणूनही फ्रान्समध्ये त्यांची ख्याती आहे, आणि १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीत कवी पॉल व्हालेरी यांच्या रिक्त जागी त्यांचीच निवड झाली. पोटाच्या तातडीच्या विकारांवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या या शल्यविशारदाचे नाव आज जगभर घेतले जाते ते मात्र या साध्याशा व्याधीमुळे.

अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. काही नीला स्नायूंच्या आत खोलवर असतात, तर काही त्वचेच्या लगत खाली असतात. काखेपासून स्तनावरून पोटाकडे जाणाऱ्या अशाच एखाद्या उथळ नीलेत रक्त साकळते, तिच्या भिंतीला सूज येते आणि नळी घट्ट दोरीसारखी हातास लागते. हात वर केला की दोरी ताणली जाते. म्हणून त्याच वेळी ती ठळक दिसते आणि दुखते.

रक्त वाहिनीतच का गोठावे, याची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने सांगितली जातात : वाहिनीच्या भिंतीस इजा होणे, प्रवाह मंदावणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. छातीस लागलेला मुका मार, फार घट्ट अंतर्वस्त्र, सवय नसताना हातांनी उपसलेले जड काम, स्तनावरील शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी काढलेला तुकडा यांपैकी काहीही निमित्त ठरू शकते. पुष्कळदा तर निमित्त सापडतच नाही. साधारणतः तिशी ते साठीतील स्त्रियांत ही व्याधी अधिक आढळते. पुरुषही तिला अपवाद नाहीत; त्यांच्या जननेंद्रियावरील उथळ नीलेतही असाच प्रकार घडतो, आणि संकोचापायी तोही लपविला जातो.

येथे आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे, असे म्हणावेसे वाटते. रक्त साकळले तरी ‘गाठ’, मांस वाढले तरी ‘गाठ’ आणि कर्करोग झाला तरी ‘गाठ’च. ‘रक्ताची गाठ आहे’ एवढे डॉक्टरांचे शब्द कानी पडताच घरातील मंडळींचा धीर सुटतो. म्हणून ‘गुठळी’ हा शब्द वापरणे बरे. दुसरी भीती असते, ती गुठळी हृदयात किंवा फुप्फुसात जाण्याची. तो धोका मुख्यतः पायांतील खोल नीलांमधील गुठळ्यांचा होय. छातीवरील या लहानशा नीलेतील गुठळी सहसा जागच्या जागी विरते.

असे असेल तर डॉक्टरांकडे जावे कशाला? कारण त्वचेवर खळी पडणे हे स्तनाच्या कर्करोगाचेही एक लक्षण आहे, आणि क्वचित प्रसंगी कर्करोग व ही व्याधी एकाच स्तनात आढळल्याची उदाहरणे आहेत. मोंदोरच्या व्याधीत दोरी सरळ रेषेत हातास लागते आणि दुखते. कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. तथापि हा निवाडा स्वतः करावयाचा नाही. डॉक्टर हाताने तपासतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करवितात आणि शंका फिटते. आपल्याकडे दुखणारी दोरी असो वा न दुखणारी गाठ, स्त्रिया ती पदराआड महिनोन् महिने लपवितात. पहिलीच्या बाबतीत व्यर्थ चिंता तेवढी वाट्यास येते; दुसरीच्या बाबतीत मात्र उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ठराविक काळाने केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळेही कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडतो, असे त्यात दिसून आले.

उपचार साधे आहेत. कोमट पाण्याच्या घडीने शेक द्यावा, स्तनास आधार देणारे परंतु न काचणारे वस्त्र वापरावे, आणि दुखरा हात काही दिवस जड कामापासून दूर ठेवावा. वेदना व सूज कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. पोटात व्रण असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर हे विशेष पाळावे. जंतुसंसर्ग नसल्याने प्रतिजैविकांची सहसा गरज पडत नाही. तेल लावून दोरी जोराने चोळू नये. त्याने गुठळी विरत नाही, दुखऱ्या भागास इजा मात्र होते. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणे ओसरते. दोरी पुढेही काही काळ हातास लागते आणि साधारणतः चार ते आठ आठवड्यांत नाहीशी होते. क्वचित याहून अधिक काळ लागतो.

राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. ती केव्हा असते, हे गावातील आशा सेविकेकडून समजू शकेल. तपासणीस जाताना दोरी प्रथम कोणत्या दिवशी दिसली, त्याआधी काही मार लागला होता काय, आणि घरात कोणास स्तनाचा कर्करोग झाला होता काय, एवढे आठवून जावे. दोन महिन्यांनंतरही दोरी तशीच राहिली, किंवा तिच्याजवळ वेगळी गाठ हातास लागली, तर पुन्हा दाखवावे.