नागपूरकर भोसल्यांचे राज्य कसे उभे राहिले, कसे बुडाले?

राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना घेतलेली तलवार पहिल्या रघूजी भोसल्यांची. या घराण्याचा पाया घातला तो त्यांनीच.

देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला आणि वारसांत तंटा लागला. राणी रतनकुंवरने रघूजींना मदतीला बोलावले. ते आले आणि नागपूरचेच झाले. गोंड राजाला मात्र नावापुरते गादीवर ठेवले. पुढे बंगालवर स्वाऱ्या झाल्या. १७५१ च्या तहात नवाब अलिवर्दी खानाने ओडिशाचा महसूल आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल केली. वैभवाचा कळस तोच.

१८०३ मध्ये अडगावची लढाई गेली. देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीखाली आप्पासाहेबांचे सैन्य हरले. त्यानंतर राज्य होते, पण इंग्रज रेसिडेंटच्या मर्जीवर.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. वृद्ध बाकाबाईंनी दत्तकासाठी आग्रह धरला. डलहौसीने तो मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. मग वाड्यातल्या चीजवस्तूंवर बोली लागली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले.