सर्वोत्तम डिझाइन एकच नसतं

तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातल्या एखाद्या संत्राबागेत मातीचा ओलावा मोजणारं छोटं उपकरण बसवायचंय, असं समजा. बॅटरी हंगामभर टिकायला हवी, आकडा भरवशाचा हवा, संदेश बागेतून घरापर्यंत पोचायला हवा आणि किंमतही परवडायला हवी. वारंवार मोजलं की बॅटरी लवकर संपते. मोठी बॅटरी घातली की खर्च वाढतो. प्रोसेसरचा वेग, मेमरी, रेडिओची ताकद अशा आठ बाबी आणि प्रत्येकीचे पाच पर्याय धरले, तर ३,९०,६२५ वेगवेगळे आराखडे होतात. एकेकाचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची आभासी चाचणी, दहा मिनिटांत उरकलं तरी सगळे तपासायला सात वर्षांहून जास्त लागतील.

इथे मशीन लर्निंग कामाला येतं, आणि गैरसमजही इथूनच सुरू होतात.

‘एआय आता स्वतःच चिप बनवतं’ हा त्यातला सगळ्यात पसरलेला. खरं तर ते अंदाज बांधतं. २००६ साली एंगिन इपेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कोअर असलेल्या प्रोसेसरचे सुमारे अडीच लाख संभाव्य आराखडे घेतले. त्यातल्या फक्त १ टक्का आराखड्यांचं सिम्युलेशन करून त्यावर न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल) शिकवलं. बाकीच्यांच्या वेगाचा त्याने बांधलेला अंदाज सरासरी ४ ते ५ टक्केच चुकला. कोणत्या बाबी बदलायच्या आणि कुठवर, हे मात्र संशोधकांनीच ठरवलं होतं.

यंत्र शेवटी एकच सर्वोत्तम डिझाइन हाती ठेवतं, हा समज मला त्याहून घातक वाटतो. ओलाव्याच्या उपकरणाचंच पाहा. एक आराखडा स्वस्त, पण बॅटरी कमी टिकणारा; दुसरा महाग, पण दीर्घकाळ चालणारा. यातला कुठलाच दुसऱ्यावर सर्व बाजूंनी मात करत नाही. असे सगळे आराखडे मिळून जी सीमारेषा बनते, तिला इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांच्या नावावरून ‘पारेतो फ्रंट’ म्हणतात. मशीन लर्निंग ही रेषा लवकर शोधून देतं. तिच्यावरचा कोणता बिंदू घ्यायचा, हे बॅटरी बदलायला बागेत किती वेळा जाता येईल आणि खिशात किती पैसे आहेत, यावर ठरतं. तो निर्णय शेतकऱ्याला विचारूनच व्हायला हवा.

सरासरी चूक कमी म्हणजे पडताळणी नको, असंही नाही. सरासरीच्या आड एखादी मोठी चूक दडलेली असू शकते, आणि शिकवलेल्या मर्यादेबाहेरचा आराखडा आला की मॉडेल सहज फसतं. म्हणून निवडलेल्या मोजक्या आराखड्यांचं सिम्युलेशन पुन्हा करावंच लागतं. गूगलने २०२१ साली ‘नेचर’मध्ये मशीन लर्निंगने चिपची मांडणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ती जुन्या पद्धतींपेक्षा खरंच सरस आहे का, यावर तज्ज्ञांमध्ये उघड वाद झाला.

फसलेले आराखडे टाकाऊ असतात, हेही खरं नाही. आयआयटी मुंबईत शिकलेले अविरल कुमार आणि सहकाऱ्यांची ‘प्राइम’ ही पद्धत २०२२ साली मांडली गेली. प्रत्यक्षात उतरूच शकत नाहीत अशा आराखड्यांची माहितीही ती शिकण्यासाठी वापरते. कुठे जायचं नाही, हे मॉडेलला त्यातूनच कळतं. छोट्या उपकरणासाठी असं मॉडेल साध्या लॅपटॉपवर, मोफत सॉफ्टवेअर वापरून शिकवता येतं. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बंद पडलेल्या नमुन्यांच्या नोंदीही चाललेल्या नमुन्यांच्याच तक्त्यात ठेवाव्यात.