रिकाम्या रकान्याचा अर्थ

रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीत मी काम करते. नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. प्रोग्रॅमिंग बहुतेकांना येतंच. म्हणून मी एक साधा प्रश्न विचारते : रुग्णाच्या नोंदीत ‘औषधाची ॲलर्जी’ हा रकाना रिकामा आहे. याचा अर्थ काय? ‘ॲलर्जी नाही,’ असं उत्तर चटकन येतं. पण कदाचित रुग्णाला कुणी विचारलंच नसेल! पेनिसिलिनचं इंजेक्शन देताना हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ अशा दोन वेगळ्या नोंदी हव्यात.

सॉफ्टवेअरमधली चूक किती महागात पडते, पाहा. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. काही जण दगावले. आधीच्या यंत्रांत सुरक्षेसाठी यांत्रिक अडसर होते. यात सारी भिस्त सॉफ्टवेअरवर होती. ऑपरेटरनं चुकलेली नोंद भराभर दुरुस्त केली, की ते गफलत करी.

तेव्हा अशा मुलाखतीला जाण्याआधी ओळखीच्या एखाद्या नर्सताईंना जरूर भेटा. केसपेपर भरताना घाईत काय काय सुटतं, ते विचारून घ्या. उत्तराआधी प्रश्न विचारणारा उमेदवार आम्हाला हवा असतो.