पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत जुनी गाडी घ्यायचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा बघा, हल्लीचे सगळे नुसते डबे!’ मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीचं कौतुक करता करता बोलणारा जुन्या मिनीवर येतो, आणि वीस वर्षांची सात-आसनी रेनॉ एस्पास तिच्यापुढे कचकड्याची ठरते.

ऐकून ऐकून कान किटले, तरी सावकाश सांगतो. धडकेत पत्र्याची जाडी माणसाला वाचवत नाही. गाडी क्षणात थांबते तेव्हा तिच्या वेगाची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळला आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहिला, तर ती पोलादात जिरते. नाहीतर तुमच्या फासळ्यांत. मर्सिडीजने अशी रचना 1959 मध्ये रस्त्यावर आणली. त्याच वर्षी आलेल्या मिनीत ती नव्हती. सुएझ संकटाच्या पेट्रोलटंचाईतून जन्मलेली ही गाडी जेमतेम 3.05 मीटर लांब. इंजिन आडवं बसवून आत चार माणसांना जागा काढण्यात तिचा रचनाकार अलेक इसिगोनिस याची सगळी हुशारी लागली. दोष त्याचा नाही, तिच्याकडून आजच्या सुरक्षिततेची अपेक्षा ठेवणाऱ्यांचा आहे.

पुरावा हवा? 2007 मध्ये ‘फिफ्थ गिअर’ या टीव्ही कार्यक्रमाने व्होल्वो 940 इस्टेट आणि छोटी रेनॉ मोडस ताशी 40 मैलांनी समोरासमोर आदळवल्या. व्होल्वोची ख्याती मजबुतीची, वजनही जास्त. तरी चालकाच्या बाजूने चेपली ती व्होल्वोच. मोडसची केबिन जवळपास जशीच्या तशी राहिली. म्हणजे ‘मोठी म्हणून सुरक्षित’ हेही खोटंच. 2003 च्या एस्पासला युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले ते आकारामुळे नव्हे, रचनेमुळे. (आजचे पाच तारे मिळवणं मात्र त्याहून अवघड, 2009 पासून निकष कडक झाले.)

बाकीचे समज झटपट उरकतो. चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला 2018 पासून एमओटी ही वार्षिक तपासणी लागत नाही हे खरं, पण ती धोकादायक स्थितीत चालवलीत तर 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. लंडनच्या युलेझ या प्रदूषण-शुल्कातून जुनी मिनी सुटते ती धूर कमी म्हणून नव्हे (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नाही तिला!), तर ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंद आहे म्हणून, ती नोंद अर्ज करून घ्यावी लागते. उलट 2006 ची पेट्रोल फोर्ड गॅलक्सी सहसा स्वतःच्या गुणांवर पास होते, 2012 ची डिझेल रोज 12.50 पौंड मोजते. मूळचे सीटबेल्टच नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल बसवता येत नाही, आजीच्या मांडीवरसुद्धा नाही. आणि पंपावरचं साधं पेट्रोल 2021 पासून ई10, म्हणजे जास्त इथेनॉलचं आहे, ते जुन्या गाड्यांना मानवत नाही. जुन्या मिनीला महागडं ई5च घाला.

सात-आसनीवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. व्हॉक्सहॉलच्या झाफिरा बी मॉडेलच्या हीटरमधून आगी लागल्या. 2015 मध्ये गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, 2016 मध्ये पुन्हा, आणि प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. रिकॉलचं काम झालंय का, हे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फुकट कळतं. पैसे देण्याआधी तेवढं बघा, मग पत्र्यावर टिचक्या मारा.