तोंडाला क्रीम लावताना

(इयत्ता ४ थी)



थंडी पडली की आपल्या वर्गात सगळ्यांचे गाल फुटतात. ओठांना चिरा पडतात आणि हसलं की दुखतं. मग घरोघर क्रीमच्या डब्या निघतात. पण क्रीम म्हंजे काय, ते काय काम करतं आणि कोणतं लावू नये, हे आपल्याला माहीत पाहिजे. म्हणून हा लेख.

त्वचा हा शरीराचा सर्वात मोठा अवयव आहे. धूळ आणि जंतू ती बाहेरच अडवते. तिच्यात तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतून तेल पाझरते म्हणून कातडी मऊ राहते. थंडीत हवा कोरडी असते, ती त्वचेतले पाणी ओढून घेते. ओठांची कातडी फार पातळ असते, म्हणून ओठ लवकर फुटतात. काही मुलं ओठांवरून सारखी जीभ फिरवतात. त्याने ओठ आणखी कोरडे पडतात.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करून केलेला लेप. सुमारे १८०० वर्षांपूर्वी गॅलेन नावाचा एक वैद्य होऊन गेला. मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेले क्रीम त्याच्या नावाने ओळखले जाते. ते लावल्यावर पाणी उडून जाते आणि गार वाटते, म्हणून त्याला कोल्ड क्रीम म्हणतात. आपल्याकडे मुंबईत १९१९ साली अफगाण स्नो निघाले. आमची आजी अजून कोणत्याही क्रीमला ‘स्नो’च म्हणते!

पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ बाहेर जात नाही. क्रीम, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन हे असंच झाकण आहे. म्हणून तोंड धुतल्यावर, कातडी जरा ओलसर असतानाच लावावे. कोरड्या तोंडाला लावलं तर आत पाणीच कमी राहतं.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. तो जास्त असला की माणूस सावळा दिसतो. हा रंग उन्हापासून आपले रक्षण करतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या आईबाबांना तो छत्रीसारखा उपयोगी पडतो. मग तो घालवायचा कशाला?

पण लोक ‘गोरे होण्याचे’ क्रीम घेतात. आमच्या शेजारच्या ताईला बघायला पाहुणे येणार होते. बायका म्हणाल्या, पोरगी जरा काळी आहे. मग बाजारातून एक डबी आणली, तिच्यावर कंपनीचा पत्ताच नव्हता. आठ दिवस तोंड उजळ दिसलं. पुढे लाल झालं, आग व्हायला लागली, पुटकुळ्या आल्या. उन्हात उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, यात स्टिरॉइड असणार. ते औषध आहे, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय तोंडाला लावायचं नसतं. त्याने कातडी पातळ होते. ताई महिनाभर तोंडाला पदर बांधून फिरत होती.

काही डब्यांत तर पारा असतो. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस गोरा दिसतो. पण तो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे खराब करतो. २०२३ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असे रोगी सापडले. आपल्या देशात क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे, तरी चोरून विकतात. आईने असे क्रीम लावले तर तिच्या कडेवरच्या बाळालाही पारा लागू शकतो.

लक्षात ठेवा :

१. तोंड साध्या पाण्याने धुवा. खसाखसा घासू नका.

२. डबीवर कंपनीचे नाव, पत्ता, घटक आणि तारीख नसेल तर ती घेऊ नका.

३. नवे क्रीम आधी हाताला लावून एक-दोन दिवस बघा.

४. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते.

५. पुटकुळी नखाने फोडू नका.

६. उन्हात टोपी घाला नाहीतर रुमाल बांधा.

७. आग झाली, लाल झालं तर डबी घेऊन दवाखान्यात जा. डबी बघून डॉक्टरांना कळतं.

पालकांना एक विनंती आहे. घरात कुणा मुलीला ‘काळी’ म्हणून हिणवू नका. तसं म्हणतात म्हणूनच ती अशी डबी आणते. तोंड स्वच्छ आणि निरोगी असलं म्हंजे झालं, रंग कोणता का असेना!