सहाचाकी वाहनात मोठे इंजिन : गडचिरोलीच्या भूप्रदेशाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : दुर्गम भागात चालणारे सहाचाकी वाहन कमी पडू लागले की त्यात अधिक क्षमतेचे इंजिन बसविण्याचा विचार पुढे येतो. हा उपाय कोठे उपयुक्त ठरतो व कोठे निष्फळ ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : सहाचाकी वाहन, टॉर्क, पकड, शीतन, गडचिरोली.

प्रस्तावना

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाच्छादित आहे. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत पुरामुळे तुटला आहे. अशा प्रदेशात वाहनाची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. 27 मार्च 2012 रोजी धानोरा तालुक्यातील पुस्टोला येथे भूसुरुंगाच्या स्फोटात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 12 जवान, तर 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे 15 पोलीस व वाहनाचा खासगी चालक मृत्युमुखी पडले. जांभूळखेड्याचे वाहन साधे, संरक्षक कवच नसलेले होते.

सुरुंगरोधक वाहनाचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा व जाड पोलादाचा असतो. त्यामुळे वजन वाढते आणि ते पेलण्यासाठी तिसरा आस द्यावा लागतो. महिंद्राचे 'एमपीव्ही-आय' हे अशा सहाचाकी रचनेचे भारतीय उदाहरण होय. वजन वाढले की इंजिन अपुरे वाटू लागते आणि येथूनच मोठ्या इंजिनाची मागणी सुरू होते.

इंजिनाचा जोर आणि जमिनीची पकड

उदाहरणादाखल सर्व चाकांना गती मिळणारे 15 टनांचे सहाचाकी वाहन घेऊ. त्याचे इंजिन 1500 फेऱ्यांना 800 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे सुमारे 170 अश्वशक्ती देते. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क 7 पट, ट्रान्स्फर केसच्या मंदगती गिअरमध्ये 1.7 पट आणि आसांमध्ये 6 पट होतो. घर्षणात 15 टक्के खर्च झाला व चाकाची त्रिज्या 55 सेंटिमीटर धरली, तर चाकांच्या टोकाशी सुमारे 9 टन भाराइतका जोर उपलब्ध होतो.

आता 30 टक्के चढाचा नाल्याचा काठ चढावयाचा आहे. केवळ चढासाठी 4.3 टन आणि मऊ मातीतील रोधासाठी सुमारे 1.4 टन, असा एकूण 5.7 टनांचा जोर लागेल. इंजिन तो सहज देते. परंतु जमीन तो घेऊ शकते काय? कोरड्या मातीत पकडीचा गुणांक 0.6 धरल्यास 8.6 टनांपर्यंतचा जोर जमिनीस देता येतो, म्हणून वाहन चढते. पावसाळ्यात हाच गुणांक 0.35 वर आला, तर मर्यादा 5 टनांवर येते व चाके जागीच फिरू लागतात. येथे 1100 न्यूटन-मीटरचे इंजिन बसविले तरी चाके अधिक जोराने फिरतील, वाहन मात्र चढणार नाही. झाडीपट्टीत भाताच्या बांधीत ट्रॅक्टर फसतो, तेव्हा वेग वाढविल्याने चाक आणखी खोल जाते. त्याचे कारणही हेच आहे.

सहा चाकांचा खरा लाभ येथे दिसतो. चार चाकांवर प्रत्येकी 3.75 टन येणारा भार सहा चाकांवर 2.5 टन होतो व चाक कमी रुतते. टायरमधील हवा कमी करणे व डिफरन्शियल लॉक वापरणे हे उपाय अशा जागी इंजिनापेक्षा अधिक उपकारक ठरतात. पाण्यात तर उलटाच परिणाम होतो. वाहनाने एक घनमीटर पाणी बाजूस सारले की चाकांवरील भार एक टनाने घटतो आणि त्या प्रमाणात पकडही सुटते.

मोठे इंजिन कोठे उपयोगी पडते?

मोठ्या इंजिनाने मुख्यतः वेग मिळतो. वरील वाहन मंदगती गिअरमध्ये ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास चालते. तोच चढ ताशी 10 किलोमीटरने चढावयाचा असल्यास चाकांशीच सुमारे 210 अश्वशक्ती हवी. धोक्याच्या टप्प्यातून लवकर बाहेर पडणे, अथवा रुग्णाला डांबरी रस्त्याने वेळेत रुग्णालयात पोहोचविणे, यांसाठी ही शक्ती मोलाची आहे.

तथापि इंजिन एकटे बदलता येत नाही. वाढीव टॉर्क क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व आसांना सोसावा लागतो. एखादा आस अधांतरी राहून सर्व जोर उरलेल्या आसांवर आला की दुर्बळ भाग तुटतो. दुसरा प्रश्न शीतनाचा आहे. येथे मे महिन्यात तापमान 45 अंशांवर जाते. इंजिनातील पाणी 95 अंशांचे धरल्यास हवेशी फरक 50 अंशांचा उरतो. 25 अंशांच्या हवेत तो 70 असतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे 30 टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. तिसरा प्रश्न ब्रेकचा : वेग 60 वरून 80 झाला की थांबविण्याची ऊर्जा 1.78 पट होते.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. त्यामुळे वाढीव क्षमतेचे इंजिन कार्यशाळेत परस्पर बसविणे योग्य नव्हे. असा बदल निर्मात्याच्या पातळीवर, चाचणी व मान्यतेनंतरच व्हावा.

निष्कर्ष

1. चाके जागीच फिरत असतील तर उणीव पकडीची आहे, इंजिनाची नव्हे.
2. चाके न घसरता इंजिन दमत असेल, तर प्रथम गिअरचे प्रमाण व वाहनावरील भार तपासावा. त्यानंतरच इंजिनाचा विचार करावा.
3. इंजिन बदलावयाचे झाल्यास गिअरबॉक्स, आस, शीतन व ब्रेक यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

सप्टेंबर 2005 मध्ये छत्तीसगडमधील बिजापूर भागात सुरुंगरोधक वाहनातील 24 जवान स्फोटात मृत्युमुखी पडले. कवच जाड करणे व त्यासाठी इंजिन मोठे करणे या क्रमाला अंत नाही, हे यावरून ध्यानी येते. रस्त्याची पूर्वतपासणी, बारमाही पूल आणि जमिनीस अनुरूप वाहन यांचा एकत्रित विचार केल्यासच या प्रदेशातील प्रवास सुरक्षित होऊ शकेल.